नाव कोणाचे घालू?

आयुष्यभर मी ऐकायला बसलो तो कीर्तनाला, प्रवचनाला, नाही तर गावच्या सप्ताहात काल्याला. पुस्तकांच्या दुकानात एखादा लेखक येतो, आपल्या कादंबरीतली पाने वाचून दाखवतो आणि लोक ते ऐकायला जातात, हे मला वयाच्या ६८ व्या वर्षी कळले. कळले तेही नातीमुळे. गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी ती म्हणाली, “आजोबा, एका घराण्याच्या चार पिढ्यांची कादंबरी आहे. आपल्याकडच्यासारखंच गाव आहे तिच्यात. चला ना.” हरिपाठ लवकर उरकून मी तिच्याबरोबर निघालो.

नाशिकला पुस्तकांचे वावडे नाही. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून चालू आहे. तात्यासाहेब शिरवाडकर आणि वसंत कानेटकर याच गावात राहून लिहीत होते. साहित्य संमेलन इथे २००५ साली भरले, पुन्हा २०२१ च्या डिसेंबरात भरले. पाटबंधारे खात्यात कारकुनी करताना मीही वाचनालयाचा सभासद होतो. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’चे दोन जाडजूड खंड मी तिथूनच आणून वाचले. ते १९८७ साली निघाले. जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या त्यांत आहेत. त्या वाचताना माणसे कशी भांडतात याचे मला नवल वाटे. तेव्हा आमच्या घरात भांडण नव्हते.

दुकानात मांडण्या भिंतीकडे सरकवून मधे चाळीसेक खुर्च्या टाकल्या होत्या. समोर एक टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या आणि नव्या पुस्तकांची चवड. लेखक साधे गृहस्थ होते, साठीचे, अंगात खादीचा सदरा. त्यांचे नाव इथे लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते त्यांच्याविषयी नाही, माझ्याविषयी आहे.

त्यांनी वाटणीचा प्रसंग वाचायला घेतला. दोन भाऊ ओसरीवर बसले आहेत. पंच मधे आहेत. भांडी मोजली जात आहेत. तांब्याचा एकच हंडा आहे, आईच्या माहेरचा. तो कोणाकडे जावा यावर सगळे अडले आहे. आणि ज्या आईचा तो हंडा आहे ती आत चुलीपुढे बसून दोघांसाठी भाकरी थापते आहे. एवढेच. लेखक आवाज न चढवता वाचत होते. दुकानात कोणाच्या खुर्चीचाही आवाज होत नव्हता.

मग प्रश्न झाले. एका तरुण मुलाने विचारले, हे तुमच्याच घरातले आहे का? लेखक हसले. म्हणाले, प्रत्येकाला ते आपल्याच घरातले वाटते, म्हणून तर लिहिले. पुढे ते जे बोलले ते मी घरी आल्यावर वहीत टिपून ठेवले. त्याचा आशय असा, की घर वाटणीच्या दिवशी मोडत नाही. वाटण्या सगळ्यांच्या होतात, त्या व्हायच्याच. घर मोडते ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा एक भाऊ दुसऱ्याच्या दारावरून जातो आणि आतून कोणी ‘जेवायला ये’ म्हणत नाही.

वाचक माउली, आता माझे सांगतो. हे मी आजवर कोणापुढे बोललेलो नाही.

आमचे गाव सिन्नर तालुक्यात. तात्या, म्हणजे माझे वडील, निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर पंढरीची वारी करीत. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून पालखी निघते, नाशिक, सिन्नर करीत पुढे नगर, करमाळ्याच्या वाटेने चारशेहून अधिक किलोमीटर चालून पंढरपूर गाठते. तात्यांच्या खांद्यावर पताका असे. आम्ही दोघे भाऊ. मी थोरला, नोकरीसाठी नाशिकला आलो. धाकट्याने जमीन धरली, तात्यांच्या हातात हात घालून ती कसली आणि पताकाही त्यानेच खांद्यावर घेतली.

२००९ साली तात्या गेले. जमिनीची वाटणी सरळ झाली, सातबारा वेगळे झाले, कोणाची तक्रार नव्हती. विहीर एकच होती, ती सामाईक राहिली. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. मी गावात राहत नव्हतो, त्यामुळे माझी पाळीही तोच वापरी आणि दर दिवाळीला बाजरीचे पोते पाठवी.

२०११ साली मला नाशिकात फ्लॅट घ्यायचा होता. गावात गिऱ्हाईक चालून आले, भाव बरा होता. धाकटा म्हणाला, “आण्णा, मला दोन वर्षं दे. कांद्याचे दोन हंगाम चांगले गेले की मीच घेतो. जमीन घरात राहील.” मी म्हणालो, “बघू.” आणि पंधरवड्यात इसार घेऊन मोकळा झालो. खरेदीखताच्या दिवशीही त्याला कळवले नाही. जमिनीबरोबर विहिरीच्या पाण्याचा माझा हिस्साही गेला. घेणाऱ्याने मोठी मोटर बसवली. त्या उन्हाळ्यात धाकट्याचा कांदा पाण्यावाचून शेतातच बसला.

कागदावर माझे काही चुकले नव्हते. वाटा माझा होता, सही माझी होती. हेच मी चौदा वर्षे स्वतःला सांगत आलो. धाकट्याने भांडण केले नाही. तो कोर्टात गेला नाही. त्याने फक्त बोलणे थांबवले. बाजरीचे पोते येणे बंद झाले.

त्या दुकानात लेखकांचे बोलणे पुढे चालूच होते. कोणी तरी विचारले, इतक्या जुन्या पिढ्यांची माहिती कुठून आणली? ते म्हणाले, थोडी कागदपत्रांतून, थोडी म्हाताऱ्या माणसांकडून आणि बरीचशी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून.

वह्या म्हटल्यावर माझ्या पोटात काही तरी हलले. नाशिक-त्र्यंबकेश्वराला आलेल्या प्रत्येकाला या वह्या ठाऊक आहेत. आपले गाव, आडनाव सांगितले की उपाध्याय लांबट बाडे काढतात. त्यांत आपला पणजा, खापरपणजा कधी आला, बरोबर कोण होते, मुले कोणती, सगळे लिहिलेले असते. जुनी पाने मोडीत. आलेल्या यजमानाने आपल्या हाताने नोंद करायची, सही करायची, अशी रीत. कादंबऱ्या लिहिणारे कालपरवाचे. गोदाकाठी आपल्या सगळ्यांच्या घराण्यांची कादंबरी कित्येक पिढ्या लिहिली जाते आहे आणि तिचा लेखक एक नाही, प्रत्येक पिढी आपली ओळ लिहून जाते.

तात्यांच्या अस्थी घेऊन आम्ही दोघे भाऊ रामकुंडावर आलो होतो. तेव्हा उपाध्यायांनी आमचे पान काढले. पणजोबांची मोडीतली नोंद त्यांनी वाचून दाखवली. त्याखाली आजोबा. त्याखाली तात्यांची सही, दोन्ही मुलांच्या नावांसकट. आम्ही दोघांनी तिच्याखाली शेजारी शेजारी सह्या केल्या. त्याची शाई सांडली म्हणून मी माझ्या उपरण्याने पुसली होती.

पुढे २०१५ साली सिंहस्थ आला. मी सहकुटुंब रामकुंडावर गेलो आणि उपाध्यायांना पान काढायला सांगितले. चारच दिवसांपूर्वीची धाकट्याची नोंद होती. त्याचे नाव, पत्नी, दोन मुले. थोरल्या भावाचे नाव नव्हते. मीही लेखणी घेतली आणि माझे, पत्नीचे, मुलाचे, सुनेचे, नातीचे नाव लिहिले. धाकट्याचे लिहिले नाही. दोन नोंदींच्या मधे मी एक ओळ रिकामी सोडली. उपाध्याय काही बोलले नाहीत. त्यांनी अशा रिकाम्या ओळी पुष्कळ पाहिल्या असतील.

दुकानात बसलेला असताना मला ती रिकामी ओळ दिसत होती.

कार्यक्रम संपला. लोक पुस्तक घेऊन सहीसाठी रांगेत उभे राहिले. दर्शनबारीची सवय असलेला मी, मीही उभा राहिलो. नातीने पुस्तक विकत घेऊन माझ्या हातात दिले होते. पहिल्याच पानावर वंशवृक्ष छापलेला होता. खाली मूळपुरुष, वर फांद्या. काही फांद्यांच्या टोकाला आडवी रेघ, म्हणजे तिथे वंश खुंटला.

ती आडवी रेघ पाहताना रांगेत मला त्र्यंबकेश्वर आठवले. आपण वारकरी ज्यांच्या पायरीवर डोके ठेवतो त्या घराण्याचा वंशवृक्ष काढला तर काय दिसेल? गोदाकाठचे आपेगाव. त्र्यंबकपंत, त्यांचे गोविंदपंत, त्यांचे विठ्ठलपंत. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांची चार लेकरे, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. आणि त्या चारही नावांपुढे आडवी रेघ. ज्ञानोबाराय १२९६ च्या कार्तिकात आळंदीला समाधिस्थ झाले. पुढच्याच महिन्यात सोपानकाका सासवडला. वैशाखात मुक्ताई तापीकाठी. ज्येष्ठात निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. आठ महिन्यांत घर रिकामे झाले. धाकट्या तिघांना निरोप देऊन थोरला सर्वांत शेवटी गेला. वहीच्या हिशोबाने ते कुळ ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी संपले.

मग आषाढीला लाखो माणसे ज्यांना ‘माउली’ म्हणून हाक मारतात, ते कोणाचे कोण? ज्याला मूल नाही, तो सगळ्यांची आई झाला. हा वंशवृक्ष कोणत्या कादंबरीत मावणार?

ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली परंपरा सांगितली ती आपेगावच्या कुळकर्ण्यांची नाही. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, अशी ती परंपरा आहे. पण यात एक गोष्ट आहे, ती मला त्या रांगेत प्रथमच नीट कळली. रक्ताची वंशावळ आणि गुरूची परंपरा या दोन वेगळ्या ओळी एका ठिकाणी एकमेकींना भेटतात. ते ठिकाण म्हणजे निवृत्तिनाथ. ज्ञानोबारायांचा गुरू हा त्यांचा थोरला भाऊ होता. थोरला म्हणून त्याला जे मिळाले, ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांकडून, ते त्याने जपून ठेवले नाही, विकले नाही, धाकट्याच्या हाती दिले. थोरलेपणाचा अर्थ एवढाच.

मी थोरला होतो. माझ्याकडे जे आले त्याचे मी काय केले?

आपल्या संप्रदायात घराणी पुष्कळ आहेत. पैठणचे भानुदास महाराज, ज्यांनी विजयनगराहून पांडुरंगाला परत पंढरीला आणले असे आपण सांगतो, त्यांचे चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण आणि त्यांचे एकनाथ महाराज. नाथांचे आईवडील लहानपणीच गेले. आजोबांनी, चक्रपाणींनी, त्यांना वाढवले. मधली पिढी गळाली तरी धागा तुटला नाही. नामदेवरायांच्या घरात आई, पत्नी, मुले, सुना सगळ्यांनी नाम घेतले आणि जनाबाई, जी रक्ताने त्या घरची नव्हती, ती तर त्या घराची ओळख झाली. चोखोबांच्या घरी सोयराबाई, कर्ममेळा, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, सगळे अभंग रचणारे. त्यांच्याजवळ वाटून घ्यायला जमीन नव्हती. जे होते ते वाटल्याने कमी होणारे नव्हते.

आणि देहूचे? तिथे तर जमीनही होती, सावकारीही होती, दोन भाऊही होते. दुष्काळानंतर तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण कीर्तनात शंभर वेळा ऐकतो. पण महिपतीबुवांनी त्यात एक बारीक गोष्ट सांगितली आहे, तिच्यावरून कीर्तनकार पुष्कळदा पटकन पुढे जातात. तुकोबारायांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, माझे कुटुंब चालायचे आहे. तेव्हा त्यांनी खतांचे दोन भाग केले, अर्धी कान्होबाच्या हाती दिली आणि फक्त आपली अर्धी पाण्यात सोडली.

लहानपणी मला वाटे, कान्होबा कमी पडला. आता वाटते, तुकोबारायांचे मोठेपण तिथेच आहे. ज्याला सगळ्या जगाचा त्याग करायचा होता त्यानेही धाकट्याला विचारले. त्याच्या संसाराला काय लागेल ते आधी त्याच्या हातात ठेवले, मग आपले सोडले. आणि हाच कान्होबा तुकोबाराय गेल्यावर भावासाठी असा रडला की त्याचे अभंग गाथ्यात अजून ओले आहेत. तुकोबारायांनी आपला अर्धा भाग नदीला दिला, भावाला विचारून. मी माझा अर्धा भाग बाजाराला दिला, भावाला न विचारता. दोघांच्याही कागदांवर सह्या आपापल्याच होत्या.

रांग पुढे सरकली. टेबलापाशी पोचलो. लेखकांनी पुस्तक उघडले, पेनाचे टोपण काढले आणि सहजपणे विचारले, “नाव कोणाचे घालू?”

ते माझे नाव विचारत होते. नात शेजारी उभी होती. मी क्षणभर गप्प राहिलो. मग तोंडून धाकट्याचे नाव निघाले. पूर्ण नाव, तात्यांच्या नावासकट. चौदा वर्षांत ते नाव मी मोठ्याने उच्चारले नव्हते. नातीने माझ्याकडे पाहिले. लेखकांनी वळणदार अक्षरात नाव लिहिले, खाली सही केली, तारीख घातली. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते.

बाहेर आल्यावर नात म्हणाली, “आजोबा, ते काका-आजोबा ना? त्यांना द्यायचंय?” मी म्हणालो, “बघू.” आणि लगेच जीभ चावली. हेच उत्तर मी २०११ साली दिले होते.

पुस्तक मी आधी स्वतः वाचले. महिनाभर लागला. रात्री काकड्याच्या गजराआधी जाग आली की दिवा लावून वाचत बसे. चांगले पुस्तक आहे. त्यातला थोरला भाऊ शेवटपर्यंत माफी मागत नाही. त्यामुळे वाचताना बरे वाटत नाही, पण खरे वाटते. कादंबरीला ते शोभते. रंगनाथ पठाऱ्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ २०१९ साली आली, ती तर सातशे वर्षांची गोष्ट सांगते. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू’त बाप मरणाला टेकल्यावर मुलगा गावी परततो आणि सगळे घराणे त्याच्यापुढे उभे राहते. अशी पुस्तके आपल्याला आपले घर लांबून दाखवतात. लांबून पाहिले की कोण कुठे चुकले ते स्पष्ट दिसते. पण दिसल्यावर पुढे काय करायचे, ते पुस्तकाच्या बाहेर करायचे असते. तिथे वारीची रीत उपयोगी पडते.

यंदा पौष वद्य एकादशी, म्हणजे त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची यात्रा, आणि मकरसंक्रांत एकाच दिवशी आली, १४ जानेवारीला. धाकटा दरवर्षी गावच्या दिंडीबरोबर पायी येतो. मीही दरवर्षी जातो, एसटीने. चौदा वर्षे आम्ही एकाच दिवशी, एकाच समाधीपुढे नाक घासून परत फिरलो, एकमेकांना चुकवून. त्याची दिंडी कोणत्या बाजूने येते हे मला पाठ होते, म्हणून मी दुसऱ्या बाजूने जात असे. यंदा त्याच बाजूने गेलो. पिशवीत पुस्तक होते. बायकोने एका डबीत तिळगूळ दिला होता.

थंडी खूप होती. दिंड्यांवर दिंड्या येत होत्या. आमच्या गावची पताका दिसली. तीच काठी, तात्यांची. कापड नवे होते. ती धाकट्याच्या खांद्यावर नव्हती, त्याच्या मुलाच्या खांद्यावर होती. धाकटा मागे टाळ घेऊन चालत होता. डोके पांढरे झालेले. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. त्याने पाहिले. टाळ थांबले नाहीत, पण हात संथ झाले.

वाचक माउली, वारीत समोर माळकरी आला की काय करायचे, हे आपल्याला विचार करून ठरवावे लागत नाही. तो लहान की मोठा, ओळखीचा की परका, हे पाहायचे नसते. वाकायचे आणि पायाला हात लावायचा. तोही वाकतो. मी पुढे झालो आणि वाकलो. थोरल्याने धाकट्याच्या पाया पडायचे, हे घराच्या ओसरीवर मला मेलो तरी जमले नसते. तिथे, रस्त्यावर, बुक्क्याच्या वासात, टाळांच्या गजरात ते होऊन गेले. माझा हात त्याच्या पायाला लागायच्या आतच तोही वाकला होता. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. मागचे वारकरी हसले, “माउली, हळू!”

तो काही बोलला नाही. मी म्हणालो, “माझं चुकलं.” इतक्या गजरात त्याला ऐकू गेले की नाही, ठाऊक नाही. मी पुस्तक पुढे केले. त्याने पहिले पान उलटले, स्वतःचे नाव वाचले, तात्यांचे नाव वाचले. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “एवढं जाड? आण्णा, याला नवा चष्मा करावा लागंल मला.”

मी डबी उघडली. तो म्हणाला, “आज एकादशी.” तरी एक वडी उचलली, कागदाच्या कपट्यात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. “उद्या पारणं सोडताना खाईन.” दिंडी पुढे सरकली होती. जाता जाता मागे वळून म्हणाला, “विहिरीला यंदा पाणी आहे बरं.”

एवढेच झाले. याहून जास्त झाले असे मी सांगणार नाही. जमीन परत आली नाही, ती येणारही नाही. माझ्या पैशांतून त्याच्या कांद्याची ती दोन वर्षे मी परत करू शकत नाही. माझी सून म्हणते, फोन करा, घरी बोलवा. मी अजून केलेला नाही. त्यानेही नाही. चौदा वर्षांचे गवत एका दिवसात निघत नाही, उपटायला बसावे लागते.

पण आषाढीच्या वाटेवर एक सोहळा होतो, तो आपल्याला माहीत आहे. वेळापूर सोडून भंडीशेगावला जाताना ज्ञानोबारायांची आणि सोपानकाकांची पालखी एकत्र येतात, रथ शेजारी शेजारी उभे राहतात, नारळांची देवघेव होते. बंधुभेट म्हणतात तिला. सातशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेले हे भाऊ दरवर्षी भेटतात, कारण त्यांना भेटवायला लाखो माणसे चालत येतात. मागे आळंदीहून गेलो होतो तेव्हा मी तो सोहळा गर्दीत उभा राहून पाहिला, डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या आणि भावाशी न बोलताच घरी आलो. ते पाणी कोणत्या डोळ्यांतले होते, देव जाणे.

२०२७ साली नाशिकला पुन्हा सिंहस्थाची स्नाने आहेत. रामकुंडावर आमचे पान पुन्हा उघडेल. मी धाकट्याला निरोप पाठवला आहे, त्याच्या मुलाच्या फोनवर, की या वेळी दोघे मिळून जाऊ. मधली रिकामी ओळ उपाध्यायांना दाखवू. जागा थोडी आहे, पण दोन नावे बारीक अक्षरात बसतील. उत्तर अजून आलेले नाही. मुलाने एवढेच कळवले, की आबा रोज रात्री ते जाड पुस्तक वाचत बसतात, नवा चष्मा लावून.

राम कृष्ण हरी.